पलटण सुटल्यावर
(प्रस्तावना)

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या कुठल्याही मोठ्या ओपीडीत सकाळी आठच्या सुमाराला तीन-चार युद्धं शेजारी शेजारी बसलेली दिसतात. व्हिएतनामला जाऊन आलेले, आता पंचाहत्तरीच्या आगेमागे असलेले आजोबा. १९९१ च्या आखाती युद्धातले, साठीकडे झुकलेले. इराक-अफगाणिस्तानच्या दोन-तीन खेपा करून आलेले चाळिशीतले गडी. शिवाय ज्यांनी शत्रूची गोळी कधी ऐकलीच नाही, पण जहाजाच्या पोटात, दारूगोळ्याच्या कोठारात किंवा शवागारात नोकरी केली, अशीही माणसं. त्यांत बायकाही असतात आणि वेटिंग रूममध्ये त्या बहुतेक वेळा भिंतीलगतची खुर्ची धरतात. यातल्या फार थोड्यांना युद्धाबद्दल बोलायचं असतं. झोप लागत नाही, बायको घर सोडून जाते म्हणतेय, पाठ धरलीय, परवा सुपरवायझरच्या अंगावर धावून गेलो, अशा तक्रारी घेऊन ती आलेली असतात. पन्नास मिनिटं मानसशास्त्रज्ञासमोर बसतात आणि आपली गाडी आपणच चालवत घरी जातात.

हे घरी जाणं हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे. युद्धकथा वाचायला मिळतील म्हणून कोणी ते उघडलं, तर त्याची निराशा होईल. युद्ध इथे थोडं आहे; त्यानंतरची तीस-चाळीस वर्षंच जास्त आहेत. वॉर्डात दाखल झालेल्या माणसाची झोप, औषधं, दारू, धारदार वस्तू सगळं इस्पितळाच्या ताब्यात असतं. ओपीडीत मानसशास्त्रज्ञाच्या हाती आठवड्यातला एखादा तास असतो. बाटली, पिस्तूल, गोळ्यांची डबी, एवढंच काय, पुढच्या मंगळवारी यायचं की नाही हा निर्णयसुद्धा समोरच्या माणसाच्या हाती असतो. इस्पितळातल्या उपचारांची पातळ आवृत्ती म्हणजे ओपीडी, असा समज आपल्याकडे मानसशास्त्र शिकवणाऱ्यांमध्येही आहे. माझं म्हणणं असं, की ती निराळी विद्या आहे आणि तिचे नियम निराळे आहेत. माजी सैनिकांच्या उपचारांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास त्या नजरेने वाचला तरच तो नीट उलगडतो.

लढाईने मन मोडतं हे वैद्यकाला एकदा कळलं आणि मग कायमचं कळून राहिलं असं झालेलं नाही. ते दर युद्धात नव्याने कळत गेलं आणि युद्ध संपलं की विसरलं गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जेकब द कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये छातीची धडधड, धाप आणि थकवा असलेल्या सैनिकांचं वर्णन लिहिलं. त्यांच्या हृदयात त्याला दोष सापडत नव्हता. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्सने ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’बद्दल लिहिलं. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, अशी पहिली समजूत होती. पुढे लक्षात आलं, की गोळा जवळपास कुठेही न पडलेल्यांनाही हेच होतंय. ब्रिटिश फौजेने मग आजारालाही हुद्दा दिला: अधिकाऱ्याला न्यूरॅस्थेनिया, शिपायाला हिस्टेरिया. एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स अधिकाऱ्यांना बोलतं करून बरं करू पाहत होता. कवी सिगफ्रीड ससून १९१७ मध्ये तिथेच होता. त्याच युद्धात पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराला वेढ्यात सापडली होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ उपासमार, मग शरणागती आणि तुर्कांची कैद. त्यातून जे जगून आपापल्या गावी परतले, त्यांच्यासाठी कोणी क्रेगलॉकहार्ट उघडलं नाही.

युद्धकाळात शोधलेल्या उपचारांचा हेतू सैनिकाला परत आघाडीवर पाठवणं हा होता, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. अमेरिकन फौजेचा मनोविकारतज्ज्ञ थॉमस सॅमन याच्या नावाशी जोडलं गेलेलं सूत्र होतं: उपचार आघाडीजवळच करा, लगेच करा आणि ‘तू परत जाणार आहेस’ हे सैनिकाला पहिल्यापासून ऐकवा. फौजेच्या दृष्टीने सूत्र चोख होतं. पण ज्याला परत जायचंच नाही, ज्याचं युद्ध कागदोपत्री संपलंय, त्याच्यासाठी त्यात काही नव्हतं. तो माणूस पहिल्यांदा नीट पाहिला अब्राम कार्डिनरने. विसाव्या शतकाच्या विशीत तो न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या व्हेटरन्स इस्पितळात काम करत होता. समोर येणाऱ्यांचं युद्ध कधीच संपलं होतं, पण शरीर अजून पहाऱ्यावर होतं: आवाजाला दचकणारं, झोपेत लढणारं, जगातून अंग काढून घेणारं. हे सगळं त्याने पुस्तकात मांडलं १९४१ मध्ये, म्हणजे पुढचं महायुद्ध पेटल्यावर. उशिरा मांडलं जाणं आणि गरज पडल्यावरच वाचलं जाणं, हा या क्षेत्राचा जुना रोग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे झालं ते आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा माहीत नसतं, म्हणून इथे जरा थांबतो. १९४६ मध्ये व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे ज्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात त्या खात्याच्या इस्पितळांतले निम्म्याहून अधिक रुग्ण मनाच्या किंवा मज्जासंस्थेच्या आजारांचे होते. मनोविकारतज्ज्ञ मूठभर होते. तोवर मानसशास्त्रज्ञ म्हणजे बुद्धिमापनाच्या चाचण्या घेणारा माणूस, अशीच त्याची ओळख होती. जनरल ओमर ब्रॅडली तेव्हा खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत व्हीएने विद्यापीठांशी करार करून क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण सुरू केलं. पहिल्या खेपेला बावीस विद्यापीठं आणि दोनशेच्या आसपास विद्यार्थी होते. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी परिषद भरली आणि मानसशास्त्रज्ञाने संशोधक आणि उपचारक दोन्ही असलं पाहिजे, हा नमुना ठरला. आज मुंबई-पुण्यात एम.ए.च्या वर्गात ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतो, तिची घडण बऱ्याच अंशी माजी सैनिकांच्या गरजेतून झालेली आहे. दाखल न करता तपासायची क्लिनिकंही व्हीएने याच काळात उघडली. व्यवसायाचा आणि ओपीडीचा पाया एकाच वेळी घातला गेला, हा योगायोग नव्हे. एवढ्या माणसांना पुरतील इतक्या खाटा कुठल्याच सरकारकडे नव्हत्या.

तरीही व्हिएतनामच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९५२ च्या निदानपुस्तिकेत भयंकर ताणाच्या प्रतिक्रियेला जागा होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, युद्ध ऐन भरात असताना, ती काढून टाकली गेली. त्यामुळे परतलेल्या पोरांच्या कागदावर स्किझोफ्रेनिया, दारूचं व्यसन किंवा बिघडलेलं व्यक्तिमत्त्व असं काहीतरी लिहिलं जाई.

या काळातली एक व्यक्ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती ना डॉक्टर होती ना मानसशास्त्रज्ञ. सारा हॅली १९६९ मध्ये बोस्टनच्या व्हीएमध्ये सोशल वर्कर म्हणून रुजू झाली. तिने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, अगदी सुरुवातीलाच तिच्यापुढे आलेल्या एका तरुणाने सांगितलं, की त्याच्या तुकडीने एका गावातली बायका-मुलं मारली. त्याने स्वतः गोळी झाडली नाही म्हणून सोबत्यांनी त्याला जिवे मारायची धमकी दिली. स्टाफच्या बैठकीत सगळ्यांनी त्याला भ्रमिष्ट ठरवलं. तो खरं बोलत असेल तर, एवढंच हॅलीने विचारलं आणि नवी बाई म्हणून ती हसण्यावारी नेली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन सैनिकांनी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात केलेलं हत्याकांड वर्तमानपत्रांत आलं. हॅलीने १९७४ मध्ये लिहिलेल्या लेखाचा रोख रुग्णाकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त आहे. ‘त्या जागी, त्या ताणाखाली मीही हे केलं असतं’ ही शक्यता जो स्वतःबद्दल मनात आणू शकत नाही, त्याच्यापुढे हा माणूस बोलणार नाही, असं तिचं सांगणं होतं. पन्नास वर्षांत तंत्रं खूप आली. या वाक्याच्या पुढे कोणी गेलंय असं मला वाटत नाही.

दरम्यान १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी आपापसात बोलायचे गट सुरू केले होते. रॉबर्ट जे लिफ्टन आणि चायम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत जाऊन बसत, आणि तेही डॉक्टर म्हणून नव्हे, बरोबरीचे म्हणून. सरकारी इस्पितळावर या पोरांचा विश्वास नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ‘व्हेट सेंटर’ मंजूर केली, त्यामागे हे गट होते. व्हीएचे तेव्हाचे प्रमुख मॅक्स क्लेलंड स्वतः व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावून आलेले. ही केंद्रं मुद्दाम इस्पितळाबाहेर, बाजारपेठेत, दुकानाच्या गाळ्यात थाटली गेली. तिथले कितीतरी कर्मचारी माजी सैनिकच होते. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, आला. म्हणजे आधी गाळ्यातली खुर्ची आली आणि आजाराचं नाव नंतर. काँग्रेसच्याच आदेशाने झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं, की व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांतल्या शंभरांतल्या पंधरांना युद्ध संपून दशक उलटल्यावरही हा आजार होता.

यापुढचा इतिहास पंथांचा आहे. एडना फोआ यांची पद्धत भीतीच्या बाजूने जाते. आठवण टाळल्याने ती जिवंत राहते, म्हणून घटना डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हापुन्हा सांगायची. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. ज्या जागा टाळतो तिथे ठरवून जायचं, जसं गर्दीचं दुकान किंवा दाराकडे पाठ करून हॉटेलातलं टेबल. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत विचारांच्या बाजूने जाते. ती बलात्कारपीडित स्त्रियांसाठी घडली आणि नंतर सैनिकांसाठी वापरात आली. साधारण बारा बैठका, त्यांत लेखी घरचा अभ्यास, आणि ‘मी त्या रस्त्याने ताफा नेला नसता तर तो वाचला असता’ यासारख्या रुतून बसलेल्या वाक्यांची प्रश्न विचारून केलेली उलटतपासणी. फ्रान्सिन शपिरो यांनी डोळ्यांच्या हालचालींची पद्धत आणली; ती कशामुळे लागू पडते यावर भांडणं आहेत, पडते यावर कमी. २००६-०७ पासून व्हीएने यातल्या पहिल्या दोन पद्धतींचं देशभर प्रशिक्षण दिलं. मानसोपचाराच्या इतिहासात एखाद्या सरकारी यंत्रणेने इतक्या मोठ्या प्रमाणावर ठरावीक उपचार शिकवल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडायचं नाही.

दुसरा प्रवाह म्हणतो, सगळं दुखणं भीतीचं नसतंच. जोनाथन शे हा बोस्टनच्या व्हीए ओपीडीतला मनोविकारतज्ज्ञ. व्हिएतनामच्या सैनिकांची गाऱ्हाणी ऐकताना त्याला होमरचा अकिलीस आठवला. ज्याच्या हाती अधिकार, त्यानेच न्यायाशी दगा केला की सैनिकाच्या चारित्र्यालाच तडा जातो, असं त्याने १९९४ च्या ‘अकिलीस इन व्हिएतनाम’मध्ये मांडलं. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेऊन स्वतःच्या हातून घडलेल्या किंवा उघड्या डोळ्यांनी घडू दिलेल्या कृत्यांच्या जखमेचा विचार केला. नैतिक जखम ही ती कल्पना. शेला ग्रीक महाकाव्य सापडलं. आपल्याकडे शांतिपर्व आहेच. आपण अर्जुनाचा विषाद पाठ करतो, कारण तो युद्धाआधीचा आहे आणि त्याला उत्तर मिळतं. युधिष्ठिराचा विषाद युद्धानंतरचा आहे. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यावर तो राज्य टाकून वनात जायला निघतो. भाऊ, द्रौपदी, कृष्ण, व्यास सगळे त्याला समजावतात: तू क्षत्रिय आहेस, तू योग्य तेच केलंस. आणि त्याचं समाधान होत नाही, लवकर तर नाहीच. ‘तुझी काही चूक नव्हती’ हे वाक्य दहा जणांनी ऐकवून झाल्यावरच माणूस मानसशास्त्रज्ञाकडे येतो. अकरावा होऊन तेच ऐकवण्यात अर्थ नसतो. रेसिकच्या पद्धतीत उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारायची शिस्त आहे, ती याचसाठी. आणि काही वेळा प्रश्नांच्या शेवटी खरंच चूक निघते. मग क्षमा, भरपाई, प्रायश्चित्त अशा शब्दांपाशी यावं लागतं, ज्यांना एम.ए.च्या अभ्यासक्रमात जागा नाही.

या उपचारांचं यश किती? २०१५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याने व्हीएत खळबळ उडवली होती: सैनिक आणि माजी सैनिकांवरच्या चाचण्यांत बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली, पण उपचारांनंतरही सुमारे दोन तृतीयांशांचं निदान कायम राहिलं. २०२२ मध्ये ९१६ माजी सैनिकांवर फोआ आणि रेसिक यांच्या पद्धतींची थेट तुलना प्रसिद्ध झाली. दोन्हींनी फायदा झाला, दोहोंतला फरक नगण्य निघाला. पण पहिल्या पद्धतीतून निम्म्याहून अधिक आणि दुसरीतून जवळजवळ निम्मे लोक उपचार अर्धवट सोडून गेले. पद्धतीचे पुरस्कर्ते पहिल्या आकड्यांकडे पाहतात. मी सोडून गेलेल्यांकडे पाहतो, कारण ओपीडीचं मर्म तिथे आहे. का सोडतात? पाळीची नोकरी, नव्वद मैलांवरचं क्लिनिक, रेकॉर्डिंग ऐकायला घरात एकांत नाही, तिसऱ्या बैठकीनंतर वाढलेली दुःस्वप्नं, आणि ‘एवढं सांगितलं, आता ही माझ्याकडे कुठल्या नजरेने बघेल’ ही लाज. थोडक्या बैठकांत लिहून करायचे उपचार, व्हिडिओवरून भेटी, बायकोला सोबत घेऊन उपचार, हे सगळे नवे प्रयोग या गळतीला दिलेली उत्तरं आहेत. औषधांचं मी इथे लांबवत नाही. मानसशास्त्रज्ञ ती देत नाही आणि पुस्तकात त्यांची माहिती पुरेशी आहे.

ओपीडीतल्या माणसाला आणखी एका गोष्टीचा पत्ता असावा लागतो: पैसा. व्हीए उपचारही करते आणि लष्करी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवून दरमहा भरपाईही देते. भरपाईची तपासणी वेगळी आणि उपचार वेगळे, अशी विभागणी केलेली आहे. तरी सही-शिक्का असलेलं पत्र मागायला माणूस आपल्या मानसशास्त्रज्ञाकडेच येतो. बरं वाटतंय म्हणालो तर टक्के कमी होतील, ही भीती त्याच्या मनात असते आणि तिला लबाडी म्हणण्याची घाई करू नये. दोन पोरांची फी त्या टक्क्यांवर भरली जात असते. लक्षणांची वीस प्रश्नांची यादी दर काही आठवड्यांनी भरून घेतात, तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा हा एकाच वेळी आजाराचा, विश्वासाचा आणि संसाराचा आकडा असतो. २०१४ मध्ये फिनिक्समध्ये भेटीच्या प्रतीक्षायाद्या दडवल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. त्यातून खाजगी डॉक्टरांकडे पाठवण्याचे कायदे आले. त्याने गावातल्या माणसाचं अंतर वाचलं, पण सैनिक म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या उपचारकाच्या पुढ्यात तो पडू लागला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

स्त्रियांबद्दल एकच सांगतो, कारण त्यावरचं प्रकरण स्वतंत्रपणे वाचण्याजोगं आहे. व्हीए प्रत्येकाला, पुरुषालाही, सेवेत असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का हे विचारते. साधारण तीन स्त्रियांतली एक हो म्हणते. पुरुषांत पन्नासांतला एक. शत्रू इथे आपल्याच पलटणीत होता. त्यामुळे ‘पलटण म्हणजे कुटुंब’ या वाक्यावर उभा असलेला उपचार इथे उलटतो.

आणि बंदूक. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत सहा हजार चारशेच्या आसपास माजी सैनिकांनी आत्महत्या केली. त्यांतल्या चारांमधल्या जवळजवळ तिघांनी बंदूक वापरली. म्हणून तिथला मानसशास्त्रज्ञ पहिल्या-दुसऱ्या भेटीतच घरातल्या हत्यारांबद्दल विचारतो. ‘बंदूक देऊन टाक’ म्हटलं की माणूस परत येत नाही. ‘वाईट रात्री तिच्यापर्यंत पोचायला तुला दहा मिनिटं जास्त लागावीत, यासाठी काय करता येईल?’ असं विचारलं की तो विचार करतो. कुलूप तो स्वतः लावतो, किल्ली मेहुण्याकडे ठेवतो, काडतुसं दुसऱ्या खोलीत नेतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी आखलेली सुरक्षा-योजना हा एका पानाचा कागद आहे: धोक्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाला फोन लावायचा, घर कसं सुरक्षित करायचं. तो रुग्णाच्या शब्दांत, रुग्णासोबत बसून लिहायचा असतो. या पुस्तकातलं एकच पान कोणी फाडून भिंतीला लावलं, तर ते हे असावं.

मराठी वाचकाने अमेरिकेतली ही सगळी उस्तवार का वाचावी? आपल्या देशात पंचवीस लाखांहून अधिक माजी सैनिक आहेत. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, रत्नागिरीकडे गावागावांत ‘मेजर’ आहेत. खरा हुद्दा काहीही असो, गाव त्यांना मेजरच म्हणतं. शिपायाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनचा हक्क मिळतो, म्हणजे विशीच्या आत भरती झालेला पोरगा चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. आला की बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहतो, नाहीतर भावाशी बांधावरून कोर्टात उभा राहतो. काश्मीर किंवा ईशान्येत काढलेल्या वर्षांबद्दल तो बोलत नाही. रात्री अंगणात फेऱ्या मारतो. घरचे म्हणतात, मिलिटरीचा माणूस, तापटच असायचा. २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकं देशात आहेत. तिथे रक्तदाब, मधुमेह आणि दातांसाठी रांग लागते, मनाच्या दुखण्यासाठी सहसा मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हक्क दिला, २०२२ मध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आला, पुण्याच्या एएफएमसीत सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्षही उघडला. चांगलंच आहे. पण फोनवरचा आवाज आणि दर मंगळवारी तीच खुर्ची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय अग्निवीर. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अटींनुसार चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच पोरं कायम होणार. उरलेल्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. म्हणजे तेवीस-चोवीसची पोरं वर्दी उतरवून गावी येतील आणि कुठल्याच खिडकीवर त्यांची फाइल नसेल. अमेरिकेने व्हिएतनामनंतर नेमकी याच वयाची पोरं याच तऱ्हेने बसस्टँडवर सोडली होती. निकाल वर आला आहे.

म्हणून अमेरिकेचा साचा उचलून इथे बसवावा, असं हे पुस्तक सांगत नाही. आपल्या जवानाच्या तक्रारीत घरापासूनचा दुरावा, वाटण्या, बायकोने एकटीने रेटलेला संसार आणि परतल्यावर त्याच संसारात आपल्याला जागा न उरणं, यांचा वाटा मोठा आहे. त्या सगळ्याला पीटीएसडी म्हणणं आळशीपणाचं होईल. या पुस्तकाची लेखिका मूळची कोल्हापूरकडची. माजी सैनिकाची मुलगी. तिने अमेरिकेत शिक्षण घेऊन तिथल्या ओपीडीत वर्षानुवर्षं काम केलं आणि या लेखनात पद्धती, पुरावे आणि रोजचा धबडगा एकत्र आणला. रुग्णांच्या गोष्टी अनेक माणसांचे तुकडे जोडून केलेल्या आहेत; कोणी त्यात स्वतःला किंवा शेजाऱ्याला शोधू नये. पुस्तक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण एखाद्या मेजरच्या बायकोलाही ते वाचता यावं, एवढी भाषा तिने साधी ठेवली आहे. काही ठिकाणी ती व्हीएबद्दल फार मऊपणाने लिहिते, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकलं नाही.

आणखी एका बाबतीत आमचं जुळत नाही. माजी सैनिकाने माजी सैनिकाला दिलेला आधार ती उपचारांच्या शेजारची जागा देऊन मांडते. मला वाटतं, आपल्याकडे तो पुढे हवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनच्या कामाला आलेल्या माणसाशी आधी एखाद्या निवृत्त सुभेदाराने चहावर बोलावं आणि मग, आठवड्यातून एक दिवस मागच्या खोलीत बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे त्याला हाताला धरून न्यावं. असं काही एखाद्या जिल्ह्यात सुरू झालं, तर त्या सुभेदाराला या पुस्तकातलं कुठलं प्रकरण आधी वाचायला द्यायचं, यावर आमचा फोनवर वाद चालू आहे. ती म्हणते हत्यारांचं. मी म्हणतो कुटुंबाचं.